चुलीचा तिसरा दगड

सहावीच्या इतिहासातला एक धडा मला मनापासून नकोसा वाटतो, आणि नेमका तोच मला दरवर्षी शिकवावा लागतो. माणूस आधी भटकत होता, नंतर शेती करायला लागला, नंतर एका जागी राहायला लागला आणि गावं झाली. दोन पानांत सगळा कारभार आटोपला. सोबत एक चित्र आहे. गवताची झोपडी, दगडावर दाणे भरडणारी बाई, हसत हसत कुंपण घालणारा बाप्या आणि शेजारी बसलेला कुत्रा. कुत्रासुद्धा खूश आहे. त्या चित्राच्या कडेला कमरेवर हात ठेवून कोणी उभं नाही. इथून कधी जाता, असं विचारणारं एकही माणूस त्या चित्रकाराला सुचलं नाही. त्याला बहुतेक कधी कोणी कुठून हाकललेलं नसावं.

आमच्या लहानपणी हा प्रश्न आम्हाला दोन शब्दांत विचारला जायचा. "कवा उठसान?" पाल ठोकायला खुंटी मारली की एक माणूस यायचा. तो बसायचा नाही, पाणी मागायचा नाही, कुठून आलात म्हणून विचारायचा नाही. सरळ विचारायचा, कवा उठसान? आजा हात जोडून म्हणायचा, "काम झालं का उठतो जी." दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा यायचा. मला अक्षरं यायच्या आधी हे दोन शब्द येत होते.

आमचं काम दगडाला टाकी लावायचं. जातं आणि पाटा वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर ना दळलं जातं ना वाटलं जातं. छन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक टोचे मारून खरबरीत करावं लागतं. आजा आणि बाप ते करायचे, माय टोपल्यात खलबत्ते घेऊन दारोदार फिरायची. गावोगावची जाती आम्ही चालती ठेवली आणि आमच्याकडे मात्र जातं नव्हतं. उचलून कोण नेणार? दोन गाढवं होती, त्यांच्यावर पाल, भांडी, कोंबड्या आणि आम्ही पोरं. धड्यातली ती बाई ज्या दगडावर दाणे भरडते, त्याला टाकी कोण लावून देत होतं, हे धड्यात नाही. कोणीतरी फिरता असणारच.

आमची वाट ठरलेली होती. दिवाळी झाली की नाकाडोंगरीकडून निघायचं, आंबागडाच्या पायथ्याची गावं करायची, होळीनंतर आंधळगावच्या बाजाराच्या आसपास यायचं आणि आभाळ भरायला लागायच्या आत परत नाकाडोंगरीकडे. तिथे एका खडकाळ उंचवट्यावर पावसाळा काढायचा. वाटेवरचं एकेक गाव आम्हाला तोंडपाठ होतं. कुठलं कुत्रं चावतं, कुठली विहीर बाटेल म्हणतात, कुठली बाई शिळी भाकर देते आणि कुठली ताजी. पण प्रत्येक गाव आम्ही एकाच हंगामात पाहिलेलं होतं. उन्हाळ्यातल्या गावाला आम्ही पावसाळ्यात कधी भेटलोच नव्हतो. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. फिरत्या लोकांची चूल तीन दगडांची असते. निघताना दगड सोबत नेत नाहीत, जागेवरच ठेवतात. जागा चांगली असेल तर ते तिथे जसेच्या तसे. मागून येणारा समजतो की इथे पाणी आहे, सावली आहे, बसायला हरकत नाही. जागा वाईट असेल तर एक दगड उपडा करायचा, काजळी धरलेलं त्याचं काळं तोंड वर करून ठेवायचं. मग तिथे कोणी पाल ठोकत नाही. दगडवाले असोत, मेंढरंवाले असोत की लोखंडवाले असोत, बोली वेगळ्या, देव वेगळे, पण काळं तोंड सगळ्यांना वाचता येत होतं. काय वाईट आहे हे दगड सांगत नाही. पण इतकी अक्कल पुरते.

माझी धाकटी बहीण अशाच एका गावाबाहेर पालात जन्मली. तिची पाचवी पुजायची होती. माय अजून धड उभी राहत नव्हती. तेवढ्यात तो माणूस आला. प्रत्येक गावात तो वेगळा असायचा, पण मला तो एकच वाटायचा. त्यानं पालाच्या आत डोकावून पाहिलं, बाळंतीण पाहिली, बाळ पाहिलं, आणि विचारलं, "कवा उठसान?"

आम्ही त्याच दिवशी उठलो. माय गाढवावर बसून गेली. तिला घर नको होतं, म्हणजे घरासाठी घर नको होतं. तिला अशी एक जागा पाहिजे होती जिथून तिला कोणी उठवणार नाही. पुढे तिनं जे जे केलं ते एवढ्यासाठीच.

माय आज्याशी थेट बोलत नसे. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते ती गाढवाला सांगायची आणि आजाही गाढवालाच उत्तर द्यायचा. घरातले सगळे मोठे निर्णय त्या जनावराच्या साक्षीनं झाले आणि शिव्याही बऱ्याचशा त्यालाच बसल्या. त्या वर्षी आम्ही तलावाकाठच्या या गावात होतो. आंधळगावच्या बाजारापासून थोडं आत. नाव सांगत नाही, कारण मी अजून इथेच राहते. घरोघरी मिक्सर आलेले, पाटे अंगणात कपडे धुवायला टाकलेले. दिवसभर ओरडून एखादं काम मिळायचं. उठायची वेळ आली तेव्हा माय गाढवाजवळ गेली आणि म्हणाली, "गाढवा, यंदा तू जाय. मी नाई येत. मले इथंच राहाचं आहे."

आजा गाढवाला म्हणाला, "हिले म्हना, मानूस झाड नाही होय एका जागी गाडून ठेवाले."

"त्याइले म्हना," माय गाढवाला म्हणाली, "झाडाले कोनी इचारत नाई, कवा उठसान म्हनून."

माझा बाप दोघांकडेही पाहून मान हलवत राहिला. त्याचा जन्म मान हलवण्यात गेला. पण राहायचं ठरलं.

जागा कुठली? जिथे दरवर्षी पाल पडायचं तीच. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, मोहाची झाडं, सपाट जमीन, उन्हाळ्यातही हिरवं राहणारं गवत. माणसाला दुसरं काय पाहिजे? गोल गोल धुतलेले दगड इकडेतिकडे पडलेले. माझा आजा दगडावर नख वाजवून तो कुठल्या डोंगरातला ते सांगायचा. पण हे दगड इतके गोल कशानं झाले, हे त्यानं एकदाही स्वतःला विचारलं नाही. आमची चूल तिथे वर्षानुवर्षं होती आणि तिचा एकही दगड कधी उपडा झाला नव्हता.

आम्ही भिंती घालायला लागलो आणि तलावाचा पाणकर रोज येऊन पारीवर बसायला लागला. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, कधी सोडायचं ते पाहणारा माणूस. तलावाची सगळी नस त्याला ठाऊक. बिडी ओढत तो आमच्याकडे पाहायचा. मला वाटायचं हा एकटाच भला आहे, कारण त्यानं एकदाही 'कवा उठसान' विचारलं नाही. एकदा तर तो मायला म्हणाला, "बाई, वरची माती नको घेऊ. तलावातला गाळ घे. भित पक्की होते."

मायनं गाळ आणला. आम्ही पोरींनी तो तुडवला. हातभर, मग कमरेएवढी, मग माझ्या डोक्याएवढी भिंत. वर पळसाच्या फांद्या आणि भाताचं वाळलेलं तणस. गावातल्या बाया पाणी भरून जाताना थांबून पाहायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. मायला वाटलं कौतुकानं हसतात. तीसुद्धा हसायची. मला आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही.

तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर जायला पारीच्या एका टोकाला वाट ठेवलेली असते. इकडे तिला सलंग म्हणतात. आमचं घर सलंगीच्या तोंडासमोर होतं.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी माय चुलीपुढे बसून भाकर थापत होती. आधी भिंतीखालून पाण्याची एक रेघ आली. मायनं तिच्यासमोर राख टाकली. रेघ राख घेऊन चुलीत गेली आणि विस्तव चर्र करून विझला. मग बाहेरून ओरडा ऐकू आला. आम्हाला वाटलं कोणी मदतीला येतंय.

सलंग सुटली की तिच्या धारेत मासोळ्या उलट्या चढतात. त्या धरायला सगळं गाव जातं. तो वर्षातला मजेचा दिवस. कोणाच्या हातात जाळं, कोणाच्या हातात टोपलं, कोणी जुनं लुगडंच पसरलेलं. पोरं, म्हातारे, सगळे गुडघाभर पाण्यात. आणि त्यांच्या मधोमध आमचं घर. गाळाची भिंत पक्की होते हे खरं, पण गाळ शेवटी तलावाचा. त्यानं तलावाला ओळखलं आणि तो त्याच्यासोबत निघाला. तणस गेलं, फांद्या गेल्या. माय बहिणीला काखेत धरून, मी मायचा पदर धरून, बाप गाढवांना धरून. चारी बाजूंना माणसं होती आणि ती मासोळ्या धरत होती.

आमचा एक मोठा गंज वाहत खाली गेला. पातेलं म्हणा, पण इकडे गंजच म्हणतात. खाली एका बाईच्या पसरलेल्या लुगड्यात तो अडकला. तिनं त्यातलं पाणी ओतलं, हातातल्या मासोळ्या त्यात टाकल्या आणि घरी गेली. तो गंज पुढे कित्येक वर्षं तिच्या अंगणात दिसायचा. कानाजवळ पोचा आलेला, तो पोचा मीच पाडलेला होता.

पाणी कमरेखाली आलं तेव्हा आजा चुलीच्या दगडांजवळ जाऊन उभा राहिला. जड म्हणून तेवढे तीन जागेवर होते. तो गाढवाला म्हणाला, "हिले म्हना, दगड उपडा कर. अन् चाल."

मायनं गाढवाकडे पाहिलंसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती आज्याच्या तोंडाकडे पाहून बोलली. "नाई करत. दगड उपडा केला का जागा सोडली. मी सोडत नाई. त्याइले माहीत होतं. सगळ्याइले माहीत होतं. आता तर मेली तरी उठत नाई."

तिनं पाण्यात हात घालून एक दगड उचलला, पोटाशी धरला आणि वरच्या टेकाडाकडे चालायला लागली. ते टेकाड म्हणजे गावाची गुरं बसायची पडीक जागा. दगड ठेवून ती खाली आली. दुसरा नेला. तिसरा नेताना ती घसरून पडली आणि मासोळ्या धरणाऱ्यांपैकी कोणीतरी मोठ्यानं हसलं. ती उठली, त्याला अशी एक शिवी दिली की मी ती अजूनही लिहू शकत नाही, आणि तिसरा दगडही वर नेला.

लोक आधी भिंत घालतात, मग छप्पर, मग चूल. मायनं उलटं केलं. उघड्यावर, पाऊस पडत असताना, तिनं तीन दगड मांडले आणि त्यांच्याभोवती माती थापून त्यांना जमिनीत पक्कं केलं. फिरत्या बाईनं चुलीचा दगड मातीनं बसवणं म्हणजे काय, हे आज्याला कळलं. तो तिकडे पाठ करून बसला. त्या दिवशी भाकर झाली ती ओलीच झाली, आणि धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाणकर आला. तो खाली मान घालून उभा होता. बापानं त्याला विचारलं, "तुले माहीत होतं ना गा?" तो म्हणाला, "गाव म्हणे, तुमी कायले बोलता? पानीच उठवीन त्याइले." एवढं सांगून तो निघाला. निदान त्यानं सांगितलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. उलट दुसऱ्या आठवड्यात दोघं जण टेकाडावर आले आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कवा उठसान?"

माय म्हणाली, "ह्या चुलीले इचारा."

धडा मला इथे खोटा वाटतो. माणूस शेतीच्या प्रेमानं स्थिर झाला असेल, झाला असेल बापडा कुठे तरी. माझी माय रागानं स्थिर झाली. तिला या गावाचं काहीच आवडत नव्हतं. ना लोक, ना पाणी, ना भाताची चव. पण आपण उठलो की यांना बरं वाटेल, एवढ्या एका गोष्टीसाठी ती राहिली. भाताच्या रोवण्याला मजुरीनं गेली तर बाया तिला ओळीत मधे उभं राहू देत नसत, कडेचा काट्याकुट्यांचा भाग द्यायच्या. ती तोच आधी संपवायची आणि बांधावर बसून बाकीच्यांकडे पाहत राहायची. बाप बाजाराच्या दिवशी आंधळगावला खलबत्ते घेऊन बसायचा. मी शाळेत जायला लागले. आधी शाळा म्हणजे एका गावात पंधरा दिवस, दुसऱ्या गावात आठ. आता पहिल्यांदा वार्षिक परीक्षेला मी त्याच बाकावर होते ज्यावर सहामाहीला होते. मास्तरांनी मला पहिल्या दिवशी काय विचारलं असेल? तुम्ही किती दिवस आहात.

आजा पुढच्या दिवाळीला निघून गेला. एक गाढव त्यानं नेलं, एक ठेवलं. उन्हाळ्यात यायचा, पण छपराखाली झोपायचा नाही. आमच्या अंगणात पाल ठोकायचा. आणि सकाळी चहा घेताना उरलेल्या गाढवाला विचारायचा, "हिले म्हना, कवा उठसान?" माय हसायची नाही. मीही हसत नसे. एका उन्हाळ्यात तो आला नाही. तो आंबागडाकडे कुठेतरी वारला, असं मागून कळलं. कुठे ते आम्हाला नीट कोणी सांगितलं नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. टेकाडावर आता सिमेंटचं घर आहे, नळ आहे, गॅस आहे. पण मायनं ती चूल काढू दिली नाही. नवीन घर तिच्याभोवती बांधावं लागलं. गवंडी म्हणाला, मधेच येते. माय म्हणाली, घर मधे येते.

गेल्या उन्हाळ्यात मोहाच्या झाडांखाली पालं पडली. लोखंड ठोकणारे लोक, मध्यप्रदेशातले. विळे, कुऱ्हाडी, पावशा करून विकणारे. बैलगाडी नाही, जुना टेम्पो. मला ओट्यावरून त्यांचा भाता दिसायचा. मृग लागला तरी ते हलले नाहीत. एका सकाळी पाहते तर त्यांच्यातली एक तरणी बाई लुगडं खोचून माती तुडवत होती. खाली ओढलेली आखणी स्पष्ट दिसत होती. चार कोपरे आणि दाराची जागा.

मी मागे वळले तर माय ओट्याच्या टोकाला उभी. कमरेवर हात. आणि ती पूर्ण आवाजात खाली ओरडली, "कवा उठसान?"

शब्द तेच, उभं राहणं तेच, मानेचा झटकाही तोच. मी म्हटलं, "माय, तू?"

"मंग काय? घान करून राहिले तिथं."

"माय, ते घर बांधून राहिले. सलंगीत. त्यांना सांगायला पाहिजे."

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे मला अनोळखी वाटले. "आपल्याले कोनं सांगतलं होतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, तू आता गावापेक्षा गाव झालीस. ती म्हणाली, व्हाचं होतंच मले. मी चपला घातल्या आणि स्वतः खाली गेले.

माती तुडवणारी बाई थांबली नाही. मी तिला हिंदीत सांगितलं की इथे पावसात पाणी येतं, घर जाईल, वर कुठेतरी बांधा. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी पाहिली, घड्याळ पाहिलं, मी कुठल्या घरातून उतरले ते पाहिलं. मग म्हणाली, "कल एक आदमी आया, बोला यहाँ साँप है. परसों दूसरा आया, बोला भूत है. आज तू बोलती है पानी है. हटाने को आई है तो सीधा बोल."

मी पुन्हा सांगितलं. आमचंही घर इथेच गेलं म्हणून सांगितलं. ती टेकाडावरच्या सिमेंटच्या घराकडे पाहून हसली. अगदी तसंच, जसं गावातल्या बाया आमच्याकडे पाहून हसल्या होत्या. आता हिला कसं पटवणार? घरवाल्यानं बिनघरवाल्याला इतक्या वेळा खोटं सांगितलंय की खरं सांगायला माझ्याकडे तोंडच उरलं नव्हतं. मी चिडून वर आले आणि मायला सगळं सांगितलं. माय म्हणाली, "बरं झालं. जा, शाळेत जा."

संध्याकाळी शाळेतून आले तर माय चुलीपुढे बसलेली. हातात बापाची जुनी छन्नी. चुलीभोवतीची माती फोडून तिनं एक दगड मोकळा केला होता. आज्यानं जो उपडा करायला सांगितला होता आणि तिनं केला नव्हता, त्या चुलीचा तिसरा दगड. मी काही बोलायच्या आत तिनं तो पोटाशी धरला आणि उतरायला लागली. तिचे गुडघे गेलेत. मी घ्यायला गेले तर हात झटकला.

सलंगीचं पाणी जिथपर्यंत येतं ती रेषा तिला पाठ आहे. तिथे, त्या बाईच्या आखणीच्या कितीतरी वर, तिनं दगड ठेवला. काळं तोंड वर. पालांमधून सगळे पाहत होते. माय त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. वर येताना मात्र पूर्ण चढभर शिव्या देत आली. त्या लोकांना, गावाला, पाणकराला, मेलेल्या आज्याला आणि मला.

ती तरणी बाई दगडाजवळ आली. तिनं एका म्हाताऱ्याला हाक मारली. तो उकिडवा बसला, बोट काजळीवर फिरवून पाहिलं, आणि बराच वेळ दगडाकडून पाण्याच्या वाटेकडे आणि तिथून तलावाच्या पारीकडे पाहत राहिला. मग त्यानं मान वर करून आमच्या ओट्याकडे पाहिलं. माय आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेम्पो भरला होता. ते कुठे गेले ठाऊक नाही. जाताना त्यांनी हात केला नाही आणि आम्हीही केला नाही.

गावानं याचा आपल्या परीनं अर्थ लावला. गावानं इतके दिवस सांगूनही जे उठले नाहीत, ते म्हातारीनं एका दगडात उठवले. लोक मायकडे मानानं पाहायला लागले. आमचा गंज नेणारी ती बाई, आता तीही म्हातारी झालीय, पहिल्यांदा आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा प्यायली आणि म्हणाली, "बरं केलं बाई. आपल्या गावात असे लोक नाई पाह्यजे."

'आपल्या' हा शब्द मायनं इतकी वर्षं ऐकायची वाट पाहिली असेल, असं मला वाटलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. माय म्हणाली, "माहा गंज कोठं आहे?"

बाई कप अर्धा ठेवून गेली. गंज अजून आलेला नाही.

श्रावणात सलंग सुटली. गाव जाळी घेऊन गेलं. यंदा तिथे फक्त मासोळ्या होत्या. आम्ही दोघी ओट्यावरून पाहत होतो. तो दगड पाण्याच्या कडेलाच होता, बुडला नव्हता. बाप आतून येऊन म्हणाला, आता आणून बसवतो चुलीत. माय म्हणाली, "राहू दे तिथं. अजून कोनी येईन."

चुलीत आता दोन दगड आणि एक वीट आहे. स्वयंपाक गॅसवर होतो. पण पावसानं त्या दगडाची काजळी धुऊन जाते, आणि गॅसच्या तव्याला काजळी धरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा माय ती चूल पेटवते, धुरानं सगळं घर भरून टाकते, तव्याच्या बुडाची काजळी मुठीत घेते आणि कुरकुरत, शिव्या देत, गुडघे धरत खाली जाऊन त्या दगडाच्या तोंडाला फासून येते.